आवाज नंतर भरू

शारजाच्या रोल्ला भागात, एका मिठाईवाल्याच्या डोक्यावर, लेडीज टेलरिंगचं चिंचोळं दुकान होतं. साजिदा तिथे कटिंग करायची. एकोणीसशे शहाण्णवच्या हिवाळ्यात त्या दुकानात एक म्हातारा गोरा शिरला आणि बायकांच्या कपड्यांच्या ढिगावर सरळ बसला. टक्कल उन्हाने लालबुंद झालेलं, पांढरी पँट वाळूने मळलेली, हातात एक चुरगळलेलं चित्र. साजिदा त्याला उठवणार तेवढ्यात मागून याकूब आला.

"हा इटलीचा डायरेक्टर आहे. मलिहाच्या वाळूत पिक्चर काढतोय, जनरेटर आपला लावलाय," याकूब म्हणाला. "याला एक ड्रेस पायजे. अर्जंट."

याकूब हा साजिदाचा नवरा. दुबईतल्या अल क्वोजच्या एका वर्कशॉपसाठी जनरेटरचा ट्रक चालवायचा. जिथे वीज नाही तिथे याकूब. दिलदार, हसरा, कुणालाही नाही न म्हणणारा माणूस. नाही म्हणायची त्याला गरजच पडत नसे, कारण तो सगळ्यालाच 'पुढच्या वर्षी, इन्शाल्ला' म्हणायचा, आणि पुढचं वर्ष काही त्याच्या हातून कुणाला मिळालेलं नव्हतं.

म्हाताऱ्याने चित्र उलगडलं. "राणी," तो इंग्रजीत म्हणाला. "मेलेली. दोन हजार वर्षं मेलेली. पण ड्रेस चांगला पाहिजे. मेली म्हणून काय झालं?"

साजिदाला माणूस तिथेच आवडला. दोघांचं इंग्रजी सारखंच मोडकं होतं, त्यामुळे एकमेकांचं बोलणं त्यांना झकास कळायचं. त्याचं नाव ओरेस्ते. आडनाव लांबलचक होतं, ते तिने कधी उच्चारायचा प्रयत्न केला नाही.

ड्रेसवर जरीचं काम होतं. ओरेस्ते रोज दुपारी ते बघायला यायचा, दुधाचा चहा प्यायचा आणि बोलत बसायचा. त्याची अख्खी कारकीर्द साजिदाने मशीनच्या आवाजातच ऐकली. तरुणपणी त्याने पहिलवानांचे पिक्चर काढले. लोकांना पहिलवानांचा कंटाळा आला तेव्हा काउबॉयचे काढले, तेही अमेरिकेत नाही, स्पेनमधल्या एका माळावर. मग भुतं आली, मग माणसं खाणारे राक्षस आले, मग आगीतून उड्या मारणाऱ्या मोटारी. जे चालेल ते. चाळीसच्या वर पिक्चर, आणि एकावरही त्याचं स्वतःचं नाव नाही. इटालियन माणसाने काढलेला काउबॉय कोण बघणार, असं निर्माते म्हणायचे. म्हणून कधी तो फ्रँक झाला, कधी माइक, कधी आणखी कुणी गोरागोमटा अमेरिकन.

"वाईट नाही वाटत?" साजिदाने विचारलं.

"पिक्चर वाईट होते, सिन्योरा," तो म्हणाला. "नाव नव्हतं तेच बरं. पण एक सांगतो. एकही मी अर्धवट सोडला नाही. निर्माता पळाला, हिरो दारू पिऊन पडला, एकदा सेट जळला. मी पुरा केला. चांगले पिक्चर काढणारे माझे दोस्त, त्यांच्या कपाटात अर्धवट पिक्चर पडलेत. माझं कपाट रिकामं आहे."

साजिदाने सुई थांबवली. अर्धवट हा शब्द तिला त्या दिवशी उगाच लागला.

उगाच कसला! लागायला कारण होतं. साजिदा आणि याकूबची मुलगी झारा दोन वर्षांची असताना तिला दाभोळच्या खाडीकाठी, गावाला, सासूपाशी ठेवून साजिदा नवऱ्यामागे शारजाला आली होती. ठरलं होतं, की आधी इथे खोली बघू, जरा बस्तान बसवू, मग पोरीला आणू. खोली मिळाली. मग शाळेचं वय होऊ दे म्हणून थांबले. शाळेचं वय झालं, तर गावाकडे घरावर माडी चढत होती. माडी पुरी झाली की आणू. मूळ गोष्ट वेगळीच होती. याकूबची आई त्या घरात एकटी होती, नात हा तिचा जीव होता, आणि 'पोर द्या' हे तिला सांगायची याकूबची छाती होत नव्हती. हे याकूबला ठाऊक होतं आणि साजिदालाही ठाऊक होतं. दर शुक्रवारी ती दोघं बूथवरून गावाला फोन करायची. झारा आजीशी तू-तू करून भांडल्याचं मागून ऐकू यायचं, मग ती फोनवर यायची आणि घडाघडा म्हणायची, "अम्मी, तुम्ही बऱ्या आहात ना? तुमची तब्येत बरी आहे ना?" पाहुण्यांशी बोलावं तसं.

साजिदा काही मुखदुर्बळ बाई नव्हती. दुकानाच्या मालकाला ती ऐकवायची, मासळीवाल्याला ऐकवायची, इमारतीच्या वॉचमनला तर रोजच. फक्त या एका गोष्टीवर तिची वाचा बसायची. मागितलं आणि याकूबने तोंडावर 'नाही' म्हटलं तर? 'पुढच्या वर्षी' म्हणजे निदान नाही तरी नव्हतं. त्या एवढ्याशा आशेला ती चार वर्षं चिकटून होती, आणि त्यासाठी स्वतःवर मनातून चिडलेली होती.

ड्रेस झाला. तो घालायला जी डेन्मार्कची नटी आली होती ती उन्हाने, वाळूने आणि निर्मात्याच्या थापांनी वैतागून एका सकाळी विमानतळावर निघून गेली. मागोमाग निर्माताही रोमला 'दोन दिवसांसाठी' गेला आणि पुन्हा फिरकलाच नाही. युनिटमधली निम्मी माणसं पांगली. आता हा म्हातारा गाशा गुंडाळणार असं सगळे म्हणत होते. ओरेस्ते दुकानात आला आणि साजिदाला म्हणाला, "ड्रेस कुणाच्या मापाने शिवलास?"

"तिची मापं आलीच नव्हती," साजिदा म्हणाली. "माझ्याच मापाने बेतला."

"मग राणी तूच."

याकूबने आधी कानांवर हात ठेवले. आपल्या घरातली बाई पिक्चरमध्ये, गावात कळलं तर! पण चेहऱ्यावर पांढऱ्या मातीचा लेप असणार, डोकं मुकुटात झाकलेलं असणार, ओळखू काहीच येणार नाही, असं ओरेस्तेने त्याला पटवलं. आणि याकूबला नाही म्हणता येत नव्हतं, हे आपण पाहिलंच आहे. गंमत म्हणजे साजिदाला कुणी विचारलंच नाही. पण ती तयार होती. या म्हाताऱ्याचं कपाट रिकामंच राहिलं पाहिजे, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

शूटिंगला गेल्यावर तिला पहिला धक्का बसला तो आवाजाचा. याकूबचा जनरेटर कॅमेऱ्याच्या अगदी शेजारी धडधडत होता. हिरो सर्बियाचा होता, तो सर्बियन बोलायचा. त्याचा साथीदार केरळचा, तो मल्याळम. तिसऱ्याला डायलॉग पाठ होत नव्हते म्हणून तो अरबीत नुसते आकडे मोजायचा. आणि हे सगळे एकमेकांना जोरात उत्तरं देत होते.

"कुणाला काही ऐकू येत नाहीये!" साजिदा ओरडली.

"ऐकू यायला नकोच!" ओरेस्ते तितक्याच जोरात ओरडला. "आम्ही असंच काढतो. आवाज घेतच नाही. ओठ हलले की झालं, आवाज नंतर भरू!"

आवाज नंतर भरू. साजिदाला वाटलं, हे वाक्य आपण घरी रोज ऐकतो.

तिचा प्रसंग शेवटचा होता. चोरांनी राणीच्या थडग्यातून मुकुट पळवलाय, राणी उठून टेकाडावर उभी राहते आणि तो परत मागते. एवढ्या एका प्रसंगावर पिक्चर संपणार होता. "तू मोज," ओरेस्तेने सांगितलं. "तुझ्या भाषेत. पण रागाने."

साजिदाने मोजलं. एक, दोन, तीन, चार.

"कट! राणी बाजार करतेय का?" ओरेस्ते टेकाड चढून तिच्यापाशी आला. त्याला धाप लागली होती, ओठ निळसर झाले होते, तरी डोळे पेटलेले होते. "ऐक. तुझं काहीतरी नेलंय. मुकुट विसर. तुझं स्वतःचं. आणि नेणारा तिथे उभा आहे, कॅमेऱ्याच्या शेजारी. त्याच्याकडे बघ."

त्याने बोट दाखवलं. कॅमेऱ्याच्या शेजारी कुणी नसायला हवं होतं. पण तिथे याकूब उभा होता, हातात तेलाचं फडकं घेऊन, बायकोची नटी झालेली बघत, कौतुकाने हसत.

"अॅक्शन!"

साजिदाने तोंड उघडलं, आणि चार वर्षं जे घशात अडकलं होतं ते सगळं बाहेर आलं. ती हात उगारून, मातीचा लेप तडकेपर्यंत ओरडली. जनरेटर धडधडत होता. एक अक्षर कुणाच्या कानावर गेलं नाही. ओरेस्तेने कट म्हटल्यावर याकूबने फडकं बगलेत मारून टाळ्या वाजवल्या.

"क्या बात है! काय बोललीस गं?" परत येताना ट्रकमध्ये त्याने विचारलं.

"मोजलं," साजिदा म्हणाली.

ओरेस्ते रोमला गेला आणि पावसाळ्याच्या महिन्यांत, म्हणजे इथे अंगाची लाही होते त्या दिवसांत, पिक्चर व्हिडिओ टेपवर उतरवून परत आला. रोमच्या स्टुडिओत आता त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. याकूबने त्याला अल क्वोजमध्ये प्रल्हादकडे नेलं. प्रल्हाद हा मूळ सांगलीचा, एका गोदामाच्या कोपऱ्यात रेडिओच्या जाहिराती रेकॉर्ड करायचा. त्याने भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, आणि ओरेस्तेला तेवढं पुरे होतं. हिरोला एका केनियन इंग्रजाचा आवाज लागला, केरळवाल्याला एका गोव्याच्या शिपिंग क्लार्कचा. सगळं भराभर बसत गेलं. आणि राणीपाशी येऊन अडलं.

राणीसाठी वीणा नावाच्या एका शाळेतल्या इंग्रजीच्या बाई आल्या होत्या. आवाज भारदस्त होता. पण 'चोरांनो, माझा मुकुट परत करा' हे त्यांचं वाक्य संपायचं तेव्हा पडद्यावरच्या राणीने नुसती सुरुवात केलेली असायची. वाक्य वाढवलं, तर ओठ एकीकडे, शब्द तिसरीकडे. बाई बिचाऱ्या घामाघूम झाल्या. ओरेस्तेने शेवटी त्यांची माफी मागून त्यांना घरी पाठवलं आणि साजिदाला बोलावणं धाडलं. याकूब तिला घेऊन आला आणि मागच्या खुर्चीत चहाचा ग्लास घेऊन बसला.

"पिक्चर विकत घेणारी कंपनी म्हणते, हा प्रसंग जुळत नसेल तर कापा," ओरेस्ते म्हणाला. "आणि कापला तर पिक्चरला शेवट नाही. शेवट नसलेला पिक्चर ते घेणार नाहीत. काय म्हणाली होतीस, सांग."

"मोजलं होतं," साजिदा म्हणाली.

प्रल्हादने टेप लावली. आवाज अर्थातच नव्हता. पांढऱ्या चेहऱ्याची राणी टेकाडावरून मुक्याने किंचाळत होती. साजिदा ते पहिल्यांदाच बघत होती. तिला प्रत्येक शब्द आठवत होता.

ओरेस्तेने टेप सुरुवातीलाच थांबवली. "सिन्योरा, मी आयुष्यभर लोकांच्या तोंडात दुसऱ्याचे शब्द बसवलेत. आकड्यांनी तोंड असं उघडत नाही. हा पहिला शब्द बघ. आधी तोंड मोठं उघडतं, मग ओठांचा चंबू, मग ओठ मिटतात. कुठला आकडा आहे हा?"

तो आकडा नव्हता, नाव होतं. साजिदाच्या घराण्यात कुणा बाईने नवऱ्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात तीही 'अहो' आणि 'झाराचे अब्बा' यावरच भागवत आली होती. पडद्यावर ओठ मिटलेली राणी तिच्याकडे रोखून बघत होती.

"काहीतरी वेगळं बसवू, काका," प्रल्हाद म्हणाला. "आठवत नसेल त्यांना."

"आठवत नसेल तर खलास, कापू," ओरेस्ते म्हणाला, आणि पहिल्यांदाच तो तिला खरोखर म्हातारा दिसला. "हा एक राहील मग कपाटात."

साजिदाने मागे वळून पाहिलं. याकूब चहा फुंकत होता. आत्ता गप्प बसलं तर कुणालाही काही कळणार नव्हतं. पुढच्या शुक्रवारी फोन होईल, 'तुम्ही बऱ्या आहात ना' होईल, माडीला खिडक्या लागतील. तिला त्या सगळ्याची एकदम शिसारी आली. याकूबची नव्हे, स्वतःच्या गप्प बसण्याची.

"लावा टेप," ती प्रल्हादला म्हणाली. "आणि माझ्या भाषेतच बोलणार. चालेल का, विचारा याला."

"राणी दोन हजार वर्षं मेलेली आहे," ओरेस्ते ताठ होत म्हणाला. "तिची भाषा कुणाला कळायलाच नको!"

माइकसमोर ती उभी राहिली. एसी आवाज करतो म्हणून प्रल्हादने तो बंद केला, आणि खोली इतकी शांत झाली की याकूबच्या ग्लासातला चमचा किणकिणलेला ऐकू आला. पडद्यावर राणीने तोंड उघडलं, आणि साजिदाने तिच्याबरोबर.

"याकूब! किती वर्षं ऐकू तुझं 'पुढच्या वर्षी'? माझी पोर दे मला! झारा माझी आहे, तुझ्या आईला सांगायला तुला तोंड नाही म्हणून मी माझी पोर सोडू? तिचे दात पडले, मी नाही बघितले. ती शाळेत गेली, मी नाही बघितलं. मला तुम्ही म्हणते ती, तुम्ही! नको मला तुझी माडी. माझी झारा आणून दे, नाहीतर मी जाते तिच्याकडे, आणि परत येत नाही, याकूब, ऐकतोस ना, परत येत नाही!"

राणीचे ओठ मिटले, साजिदाचेही मिटले. अक्षर इकडचं तिकडे झालं नव्हतं. ओरेस्तेने स्वतःच्या टकलावर दोन्ही हातांनी थापा मारल्या. प्रल्हाद मराठी माणूस, त्याला सगळं कळलं होतं. तो बटणांकडे बघत बसला.

याकूबचा चहा गार झाला होता. त्याचा चेहरा पडला होता आणि कान लाल झाले होते. "अगं," तो हळूच म्हणाला, "घरी बोलायचं ना हे. माडीच्या खिडक्या लागल्या की, पुढच्या वर्षी, इन्शाल्ला..."

साजिदा ओरेस्तेकडे वळली. "नॉट गुड," ती म्हणाली. "वन्स मोर."

"पण परफेक्ट होता!"

"वन्स मोर."

चाळीस पिक्चर काढलेल्या माणसाला नटीचा हट्ट नवा नव्हता. त्याने खूण केली. टेप मागे गेली. साजिदा पुन्हा बोलली, पहिल्यापासून शेवटापर्यंत, नावासकट, आणि या वेळी पडद्याकडे न बघता. तरीही जुळलं. याकूबने मध्येच डोळे पुसले, ते घामाचं निमित्त करून.

"वन्स मोर," साजिदा म्हणाली.

"बस, साजिदा, खलास," याकूब उठला. "ऐकलं मी. सांगतो अम्मीला."

"कधी?"

"सांगतो ना, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला तर आहेच. दिवस सांगा."

याकूबने प्रल्हादकडे पाहिलं, ओरेस्तेकडे पाहिलं, पडद्यावरच्या पांढऱ्या बाईकडे पाहिलं. कुठूनच मदत येईना. "या शुक्रवारी," तो म्हणाला. "फोनवर नाही सांगत. तिकीट काढतो, जाऊन सांगतो. अम्मीलाही म्हणतो, चल आमच्याबरोबर. नाही आली तर..." त्याने चहाचा ग्लास खाली ठेवला. "नाही आली तरी झाराला घेऊन येतो."

तो शुक्रवारी गेला. आई त्याच्याशी काही दिवस बोलली नाही, शारजालाही आली नाही, आणि त्याचं दुःख याकूबला पुढे कायम राहिलं. पण कागदपत्रं होताच, हिवाळा लागता लागता, झारा आली. विमानतळावर तिने साजिदाला सलाम केला आणि बापाच्या मागे लपली. रोल्लाच्या त्या खोलीत पहिले महिने ती आजीसाठी रडायची, रात्री भिंतीकडे तोंड करून झोपायची, जेवताना 'तुम्ही वाढा' म्हणायची. हे असं होणार, हे साजिदाला कुणी सांगितलं नव्हतं. पण सोडायचं नाही, एवढं ती शिकली होती. ती रोज पोरीची वेणी घालायची, आणि पोर रोज ती सोडून टाकायची.

ओरेस्ते पुन्हा आला नाही. त्याच्या मुलीने एक पार्सल पाठवलं. आत पिक्चरची कॅसेट होती आणि वडील वसंतात गेल्याचा निरोप होता. कव्हरवर भलत्याच नटीचा फोटो. याकूबने शेजाऱ्यांचा व्हीसीआर आणला. नावं सुरू झाली. दिग्दर्शक कुणी हॅरी स्टोनवेल होता. राणीच्या नावासमोर सँड्रा जेड लिहिलेलं होतं.

"ही कोण बया?" साजिदा भडकली. "इतकं करून माझं नाव नाही? त्याचंसुद्धा नाही!"

"कपाट रिकामं राहिलं ना त्याचं," याकूब म्हणाला, "बस की मग."

झारा तक्क्याला टेकून बघत होती. आता ती इथल्या शाळेत जाऊ लागली होती, चोर इंग्रजी बोलत होते ते तिला कळायचं. राक्षस आला, थडगं उघडलं, दोन चोर मेले. मग टेकाडावर पांढऱ्या चेहऱ्याची राणी उभी राहिली आणि दाभोळच्या बायका ओरडतात तशी ओरडायला लागली. झारा ताठ बसली. राणी बोलायची थांबली, चोराने मुकुट वाळूत टाकला, पिक्चर संपला. याकूब मान खाली घालून रिमोट शोधत होता.

"परत लावा," झारा म्हणाली.

याकूबने टेप मागे नेली. झाराने पुन्हा ऐकलं. मग ती उठून साजिदाच्या शेजारी येऊन बसली, अगदी खेटून, आणि पडद्याकडेच बघत म्हणाली, "अम्मी, तू माझं नाव घेतलंस."

"हो," साजिदा म्हणाली.

"आणखी एकदा लावा," झारा म्हणाली.